मेजवानीचा खर्च कोणी करायचा?

वर्तमानपत्र आतल्या पानांपर्यंत वाचणाऱ्या पुणेकराला ही भाषा पाठ असते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा हा माझ्या सांगण्यात नसून त्याने केलेल्या कोणत्याही आर्थिक व्यवहारास मी अथवा माझे कुटुंबीय जबाबदार राहणार नाही.’ वर मुलाचं पूर्ण नाव, खाली वकिलांचं. शेजारी कोणाच्या तरी सातबाऱ्यावरच्या हरकती, हरवलेलं शेअर सर्टिफिकेट, आणि एका नावाचं स्पेलिंग बदलल्याची जाहिरात. बापाने मुलाशी संबंध तोडल्याची बातमी या शेजारात, जागेचे पैसे मोजून छापलेली असते.

या नोटिशीने कायद्यात फारसं काही घडत नाही. नोटीस छापून वारसाहक्क संपत नाही. स्वकष्टाची मालमत्ता मुलाला द्यायची नसेल तर मृत्युपत्र करावं लागतं. वडिलोपार्जित मिळकतीतला त्याचा वाटा तर बापाच्या रागालोभावर अवलंबूनच नसतो. मग नोटीस कशासाठी? सावकारांना सावध करायला, हे एक. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे चारचौघांना सांगायला: हा आता आमचा नाही, त्याच्यावरून आम्हाला जोखू नका.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. त्यातल्या बापाला अशी नोटीस द्यायला सगळी कारणं होती. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोघा भावांत धाकट्याचा तिसरा हिस्सा. तो बापाने दिला. पोराने सगळं गोळा केलं, दूर देशी गेला, उधळपट्टीत सगळं संपवलं. तिथे दुष्काळ पडला, आणि ज्यू घरातला हा मुलगा डुकरं राखायला लागला. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटू लागलं, तेव्हा कुठे घर आठवलं. पुढचं सर्वांना माहीत आहे. बापाने त्याला लांबून पाहिलं, धावत जाऊन मिठी मारली, अंगावर उत्तम झगा, बोटात अंगठी, पायांत जोडे घातले आणि पोसलेलं वासरू कापून मेजवानी केली. (वासराच्या उल्लेखाने कोणाच्या कपाळावर आठी पडली असेल तर तिथे नुसतं पंचपक्वान्न वाचावं. मुद्दा बदलत नाही.)

मराठी वाचकाला वाटणीच्या मागणीने तेवढा धक्का बसत नाही, जेवढा येशूच्या श्रोत्यांना बसला असेल. हिंदू वारसा कायद्यातल्या मिताक्षरेच्या परंपरेत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच, आणि वाटणी मागणं ही आपल्याकडे दर दुसऱ्या घरातली गोष्ट. ज्यूंच्या शहाणपणाच्या पुस्तकांत मात्र याविषयी खणखणीत इशारा होता. येशूच्या सुमारे दोनशे वर्षं आधी बेन सिरा नावाच्या पंडिताने लिहून ठेवलं की जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता मुलांच्या हाती देऊ नये. आपण मुलांच्या हाताकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागितलेलं बरं. पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत आजही हाच सल्ला मिळेल, फक्त सोबत 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं तेविसावं कलम सांगतील: सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते परत मिळवता येतं. सल्ला योग्यच आहे. दाखल्यातल्या बापाने तो ऐकला नाही.

या दाखल्यावर प्रवचनं ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाला एक तक्रार आहे. आमच्या व्यासपीठावरून ही गोष्ट फार गोड करून सांगितली जाते. देव प्रेमळ बाप आहे, तो सगळं पोटात घालतो, या, रडा, घरी जा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर आपण करतोच. मुलांवर जीव टाकण्यात पुण्याचा मध्यमवर्ग कोणाला हार जाणार आहे? माझं म्हणणं असं की आपण करतो ते या बापाच्या नेमकं उलट आहे. त्याने मुलगा चुकत असताना हात सोडला आणि परत आल्यावर विनाअट जवळ घेतलं. आपण चुकत असताना पाठीशी घालतो आणि परत आल्यावर अटी घालतो. या दोन उलट्या सवयींना आपण अनुक्रमे माया आणि शिस्त म्हणतो.

आधी हात सोडण्याचं बघू, कारण प्रवचनात ते हमखास गाळलं जातं. मुलगा दूर देशी उपाशी होता तेव्हा बाप काय करत होता? दाखला याबद्दल काही सांगत नाही, आणि हे न सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. गाडी पाठवली नाही, माणूस पाठवला नाही, तिथल्या जमीनदाराला चिठ्ठी दिली नाही. बाप श्रीमंत होता. घरात मोलकऱ्यांना भाकरी उरत होती असं मुलगाच म्हणतो. तरी डुकरांच्या गोठ्यापर्यंत बापाचा पैसा पोचला नाही. याच अध्यायात त्याआधी दोन दाखले आहेत. एकात मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे रानात जातो, दुसऱ्यात एक बाई हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून सगळं घर झाडते. मेंढरू आणि नाणं शोधायला देव बाहेर पडतो. मुलाच्या मागे मात्र तो जात नाही, कारण मुलगा वाट चुकलेला नव्हता. तो ठरवून गेला होता, आणि ठरवून जाणाऱ्याचा निर्णय या बापाने खरा मानला.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारी माणसं घरच्यांना पहिल्याच भेटीत हेच सांगतात. येरवड्याला 1986 पासून मुक्तांगण चालू आहे, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच घरांना ही भाषा ओळखीची झाली आहे. त्याने केलेली उधारी तुम्ही फेडू नका. साहेबांना फोन करून ‘ताप आहे’ म्हणू नका. दारात पडला तर उचलून अंथरुणावर नेऊन, सकाळी काही झालंच नाही असा चहा देऊ नका. ऐकणाऱ्या आईला हे क्रूर वाटतं. पण परिणाम त्याच्यापर्यंत पोचूच दिले नाहीत तर त्याला शुद्ध यायची कशी? लूकचं वाक्यही तेच आहे: मुलगा ‘शुद्धीवर आला’. तो उपाशी राहून आला, कोणी उपदेश केल्याने नव्हे.

आणि आता 19 मे 2024 ची रात्र. कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने मोटरसायकलला उडवलं. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. काही तासांत जामीन झाला, आणि जामिनाच्या अटींतली एक होती अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. शहर पेटून उठलं. पुढे पोलिसांनी आरोप केला की ससूनमध्ये मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला. डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांना झाली. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबून दबाव आणल्याचाही आरोप झाला, आणि त्यात आजोबांना अटक झाली. दोष कोणाचा किती, ते न्यायालय ठरवेल.

त्या दिवसांत ‘पोराला फाशी द्या’ पासून ‘शेवटी लहान आहे हो’ पर्यंत सगळं ऐकलं. मला दोन्ही पटलं नाही. अल्पवयीन मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, हे तत्त्व 2015 च्या बालन्याय कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते चांगलं तत्त्व आहे. ते गरीब वस्तीतल्या चोरट्या पोराला लागू असेल तर बंगल्यातल्या पोरालाही लागू आहे. श्रीमंताचा म्हणून त्याचं वय वाढत नाही. लोकांना चीड आली ती दयेची, असं मी मानत नाही. चीड होती ती दयेच्या नावाखाली जे विकत घेता येतं त्याची. आरोप खरे ठरले तर त्या रात्री त्या घराने मुलासाठी धावाधाव केली, पैसा ओतला, माणसं हलवली. बाहेरून बघताना हे दाखल्यातल्या बापाच्या धावण्यासारखं दिसतं. फरक दिशेचा आहे. दाखल्यातला बाप सत्य कळून परत येणाऱ्या मुलाकडे धावतो. इथलं धावणं मुलाला सत्यापर्यंत पोचू न देण्यासाठी असल्याचा आरोप आहे.

ड्रायव्हरचा तपशील एखाद्या ख्रिस्ती माणसाला झोंबायला हवा. आमच्या धर्माचा गाभाच मुळी असा की दुसऱ्याचा अपराध कोणीतरी स्वतःच्या अंगावर घेतला. शुभशुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आम्ही तीन-तीन तास बसून तेच ऐकतो. पण तिथे अंगावर घेणारा मालक आहे. चूक नोकराची, शिक्षा धन्याने सोसली. पगारावर ठेवलेल्या माणसाने मालकाच्या नातवाचा गुन्हा आपल्या नावावर घ्यायचा, ही क्रूसाची कथा उलटी टांगलेली आहे. क्षमेची एक कसोटी मला इथे सापडते, आणि ती देवळात, चर्चमध्ये, कोर्टात, घरात सारखीच चालते: किंमत कोणी मोजली? क्षमा करणाऱ्याने मोजली असेल तर ती क्षमा. तिसऱ्याकडून वसूल केली असेल तर त्याला दुसरं नाव शोधावं.

दुसरी सवय, परत आलेल्याला अटी घालण्याची. तिचा पुण्यातला इतिहास मोठा गमतीचा आहे. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी मिशनऱ्यांचा मान म्हणून कप नुसता हातात घेतला. हा घाट घालणाऱ्या गोपाळराव जोशींनी, आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापवून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, सुरू झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एक कप चहा पोटात गेला की नाही, यावर विद्वानांची चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये मित्रांची अडचण सुटावी म्हणून प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या.

लूकचा पंधरावा अध्याय कशाने सुरू होतो हे आठवावं. शास्त्री आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे ज्यू, कुरकुरत होते: हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला जेवतो. तीनही दाखले या कुरकुरीला दिलेलं उत्तर आहेत. म्हणजे मूळ भांडण पंक्तीचं होतं, कोणाबरोबर जेवायचं आणि बाटलेला परत कसा घ्यायचा याचं. पंचहौदच्या चहाचं भांडणही तेच. मी हे हिंदूंना हिणवायला सांगत नाही, कारण आमच्या मराठी मंडळ्यांतही, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायांतही, कोणी ‘बाहेर’ लग्न केलं की त्याला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवायचे ठराव झालेले आहेत, आणि परत घ्यायचं तर मंडळीपुढे उभं करून कबुली. परूशी होणं कुठल्याही धर्मात सोपं असतं.

दाखल्यातला मुलगा प्रायश्चित्ताची तयारी करूनच आला होता. वाटेत त्याने वाक्यं पाठ केली होती: बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. शेवटचं वाक्य हीच त्याची ऑफर होती. दरमहा राबेन, हळूहळू फेडेन. बाप त्याला त्या वाक्यापर्यंत येऊच देत नाही, मधेच नोकरांना हाक मारून झगा आणायला सांगतो. पश्चात्ताप आधी की क्षमा आधी, यावर धर्मशास्त्री शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. मला लूकने सांगितलेला क्रम पुरेसा वाटतो: मुलगा अजून दूर होता तेव्हाच बापाला कळवळा आला. मुलाने तोंड उघडलं ते त्यानंतर.

या बापाचा चांगुलपणा उठून दिसावा म्हणून काही प्रवचनकार त्या काळच्या ज्यू बापांना कठोर आणि कोरडे रंगवतात. ते खोटं आहे. नियमशास्त्रात बंडखोर मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे नेऊन दगडमार करण्याचं कलम आहे खरं, पण त्याच शास्त्रग्रंथांत होशेय संदेष्टा सांगतो की देवाने इस्राएलला हाताला धरून चालायला शिकवलं आणि आता त्याला टाकून द्यायचं म्हटलं की देवाचंच काळीज पिळवटतं. एकशेतिसरं स्तोत्र मुलांवर ममता करणाऱ्या बापाची उपमा देतं. यशया तर देवाला आई म्हणतो, तान्ह्याला कधीही न विसरणारी. येशूने हे सगळं घरातूनच उचललं.

आपल्याकडे तर देवाला माउली म्हणण्यात कोणाला काही वेगळं वाटतच नाही. देहू-आळंदीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ‘लाभाविण प्रीती’ समजावून सांगावी लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. हा पूल दोन्ही बाजूंनी चालता येतो असं मला वाटतं, आणि एक अडचणही तो सोडवतो. ज्यांचा सख्खा बाप मारकुटा होता, दारुडा होता, त्यांना ‘देव तुमचा बाप आहे’ हे ऐकून धीर यायचा कसा? पाळकाने हा प्रश्न उडवून लावू नये. माउली हा शब्द मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत आज आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू यायला हवा.

विनाअट जवळ घेणं म्हणजे काय, हे पुण्याला बाहेरून कोणी शिकवायची गरज नव्हती. 1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. कोणाचं मूल, कुठल्या जातीची, पुन्हा असं करणार नाही ना, यांपैकी काही विचारायचं नाही. तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. (खरं तर या बायकांना उधळ्या पुत्राच्या रांगेत उभं करणंही अन्यायाचं आहे. उधळून गेलेला दुसराच कोणी असायचा आणि तो कोणाच्या तरी श्राद्धाला मानाने जेवत असायचा.) वीस वर्षांनी पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी लंडनच्या फुलम भागात ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं काम त्यांनी पाहिलं आणि हे का करता असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी हलकी मानलेल्या जिच्याशी येशू आपणहून बोलला तिची, गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत हा प्रसंग लिहिला आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन बांधलं. त्याआधी 1893 मध्ये पुण्यातल्या शारदा सदनावरून जे वादळ झालं, त्यात पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वाद धर्मांतराचा होता, आणि त्यात टीकाकारांचीही एक बाजू होती, हे मी ख्रिस्ती असूनही मान्य करतो. पण कृपासदनात ज्यांना जागा मिळाली, त्यांना तेव्हाच्या पुण्यातल्या किती वाड्यांनी दार उघडलं असतं, हेही विचारलं पाहिजे.

आता थोरला भाऊ. प्रवचनांत त्याचा खलनायक करतात: कोरडा, हिशेबी, जळफळणारा. मला त्याची बाजू बरीच पटते. तो शेतातून दमून आला, घरात वाजंत्री वाजत होती, आणि मेजवानी कशाची हे त्याला नोकराकडून कळलं. घरच्या माणसाला बोलवायचंही कोणाला सुचलं नाही! त्याची तक्रार बघा: इतकी वर्षं राबतोय, तुमचा शब्द मोडला नाही, मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा दिलं नाहीत. दहावी-बारावीला मान मोडून अभ्यास केलेल्या, आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी पुण्यातच थांबलेल्या, बंगळूरची नोकरी सोडलेल्या प्रत्येक थोरल्याचं हे म्हणणं आहे. आणि त्याला मालमत्तेची बाजूही आहे. धाकट्याने आपला वाटा नेला, म्हणजे घरात उरलं ते सगळं थोरल्याचं. बाप स्वतः तसं म्हणतो: जे माझं आहे ते सर्व तुझंच आहे. मग वासरू कोणाच्या हिश्श्यातलं? अंगठी कोणाची? बापाने दाखवलेल्या औदार्याचा भार हिशेबाने पाहिलं तर थोरल्यावरही पडला.

इथे क्षमेची शिकवण अवघड होते, आणि ती तशीच ठेवावी. मघाची कसोटी बापालाही लागते. त्याने थोरल्याच्या भविष्यातलं काही उचललं आणि त्याला विचारलं नाही. म्हणूनच तो मेजवानी सोडून अंगणात येतो आणि थोरल्याची समजूत घालतो. आज्ञा करत नाही. ‘तुला आत यावंच लागेल’ असं तो म्हणत नाही, आणि थोरला आत गेला की नाही हे दाखला सांगत नाही. बापाने आपल्या वतीने क्षमा केली. भावाच्या वतीने करण्याचा हक्क त्याला नव्हता. धाकट्याला उधळलेला तिसरा हिस्साही परत मिळालेला नाही, हे लक्षात ठेवावं. मुलगेपण परत मिळालं, जमीन नाही.

हे नीट वाचलं असतं तर आमच्या चर्चच्या हातून बरीच पापं टळली असती. लहान मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना जगभरात कितीतरी बिशपांनी ‘क्षमा’ करून दुसऱ्या धर्मप्रांतात बदली दिली, तेव्हा त्या क्षमेचा खर्च पुढच्या धर्मप्रांतातल्या मुलांनी भरला. नवऱ्याचा मार खाऊन पाळकाकडे गेलेल्या बाईला, किती वेळा क्षमा करावी यावरचं येशूचं ‘सत्तर वेळा सात’ हे उत्तर ऐकवून परत पाठवलं जातं, तेव्हा क्षमा करण्याचा सल्ला देणाऱ्याच्या पाठीवर वळ उठत नाहीत. दाखल्यात क्षमा करणारा घरातला सगळ्यात बलवान माणूस आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्याकडून क्षमा उकळण्यासाठी हा दाखला वापरणं म्हणजे तो डोक्यावर उभा करणं. कल्याणीनगरच्या त्या दोघांच्या आईवडिलांना ‘मोठं मन करा’ म्हणण्याचा अधिकार पुण्यात कोणालाही नाही, कुठल्याही पाळकाला तर नाहीच.

‘मग सगळेच मोकाट सुटतील’ हा आक्षेप मला फारसा दमदार वाटत नाही. दाखल्यातला मुलगा मोकाट सुटलेला नव्हता. तो उपाशी राहून, लाजेने परतला होता. मोकाट सुटतात ते ज्यांना उपाशी राहूच दिलं जात नाही ते. शिक्षा आणि परत घेणं यांत निवड करायची नसते. शिक्षा भोगून झाल्यावर काय, हा प्रश्न आहे, आणि तो पुण्याला इतर शहरांपेक्षा जवळचा असायला हवा. ब्रिटिशांनी 1871 मध्ये बांधलेलं येरवडा कारागृह आता शहराच्या मध्यात आलं आहे. त्याच्या भिंतीवरून विमानतळाला जाणाऱ्या गाड्या जातात. तिथून रोज कोणी ना कोणी शिक्षा संपवून बाहेर पडतं. न्यायाने त्याचा हिशेब मिटवलेला असतो. त्यानंतर त्याला भेटतो तो थोरला भाऊ, म्हणजे आपण. सोसायटीची कमिटी भाडेकरूची पोलीस पडताळणी मागते, ती मागण्यात गैर काही नाही. पण त्या कागदावर एक जुना गुन्हा दिसला की पुढे कोणी बोलत नाही, आणि घरमालक ‘अहो, माझं काही नाही, पण सोसायटी…’ म्हणून मोकळा होतो. नोकरीच्या अर्जावरचा तो एक रकाना भरल्यावर मुलाखतीचा फोन येत नाही. कोर्टाने दिलेली शिक्षा सात वर्षांची असेल, पुण्याने दिलेली जन्मठेप असते.

माझी अपेक्षा सोसायट्यांकडून नाही, त्यांना आपल्या घरांची काळजी घ्यायचा हक्क आहे. अपेक्षा आहे ती दर काही महिन्यांनी हा दाखला वाचून ‘आमेन’ म्हणणाऱ्या आमच्या मंडळ्यांकडून. तुरुंगात नाताळचे केक आणि गीतं पोचतात, चांगलं आहे. पण सुटलेल्या माणसाला लागतं ते अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर जामीन राहणारं नाव आणि डिपॉझिटचे पैसे. पुण्यातल्या एकेका मंडळीच्या निधीत तेवढी शिल्लक असते. छताला नवं फॉल्स सीलिंग घालायला ती निघतेही. वर्षाला दोन माणसांपुरता जामीन मंडळीने घ्यावा. त्याने भाडं थकवलं, पळून गेला, पुन्हा पकडला गेला, तर पैसे मंडळीचे जातील, घरमालकाचे जाणार नाहीत. वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारेल की इतकी वर्षं नियमाने उत्पन्नाचा दशांश चर्चला देणाऱ्या आमच्या मुलांच्या फीसाठी कधी असा निधी काढला होता का. प्रश्न रास्त आहे. त्याला दटावून खाली बसवू नये. पाळकाने खुर्चीवरून उठून त्याच्यापाशी जाऊन बोलावं आणि ठराव तरीही मतांना टाकावा.